सरांचा भरवशाचा उंदीर

दिवाळीच्या सुटीत मी उंदरांचा पिंजरा घेऊन रेवदंड्याला घरी आले, तेव्हा आई चकल्या तळत होती. "अगो, लोक उंदीर घालवतात, नि तू लाँचमधून घेऊन आलीस?" म्हणत तिने झारा उगारला.

काय करणार! मुंबईची प्रयोगशाळा बंद. त्या जिवांना खायला कोण घालणार? साठच्या दशकातली गोष्ट. वेदनाशामक औषधांवर माझं एम.एस्सी.चं काम चाललं होतं. उंदीर गरम पत्र्यावर ठेवायचा, त्याने पाय चाटला की लगेच उचलायचा आणि किती वेळ लागला ते मांडायचं. मला नर-मादी दोन्ही हवे होते. सर ऐकेनात. "माद्यांचा भरवसा नाही, आकडे रोज उड्या मारतात. नर घ्या, नाहीतर विषय सोडा!"

अस्सा संताप यायचा! अहो, नर तरी कुठे सारखे होते? एक उंदीर पाय टेकताच चाटायचा, दुसरा ढिम्म. पण सरांनी स्वतः निवडलेला, पाठीवर पिवळा ठिपका लावलेला एक होता, त्याचा आकडा काही हलत नसे. आल्यागेल्याला सर तो दाखवत. "याला म्हणतात नर!"

भाऊबीजेला सकाळी आई ओरडली, "अगो, धाव! तुझा ठिपकेवाला बाळंत झालाय!"

चिंध्यांत गुलाबी पिल्लं वळवळत होती. तरीच पोट सुटलं होतं. आम्हाला वाटलं, चणे जास्त खातो. म्हणजे सगळ्यात भरवशाचे आकडे मादीचे! मी हसत हसत जमिनीवरच बसले. घरात बाळंतीण म्हटल्यावर आईचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने खोबरं खोवून आळिवाचा लाडू वळला, चिमूटभर पिंजऱ्यात सारला नि बाकीच्या उंदरांना "चला, निघा बाहेर" म्हणत दुसऱ्या डब्यात घालायला लावलं.

सुटी संपल्यावर पिंजरा थेट सरांच्या टेबलावर ठेवला. सर चिडले तर विषय गेलाच.

"सर, तुमचा नर. पोरंबाळं सुखरूप आहेत."

सरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला. मग असे खो खो हसले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले.

"उद्यापासून माद्या घ्या," डोळे टिपत ते म्हणाले. "फक्त नर कुठला नि मादी कुठली, ते मला विचारू नका."