मशीन मी चालू केली
लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरकही कळत नव्हता. माझं माहेर धरमतरकडचं, वडील मिठागरावर कामाला. नवऱ्याचं नदीपलीकडच्या अष्टमी गावात, पुलाच्या उताराला, इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. शेतकऱ्यांचे पंप, फवारणीची यंत्रं आणि लाकूड कापायच्या जुन्या मशीन तिथे यायच्या.

दुकानात त्याला हत्यारं काढून द्यायचं काम माझं. चुकीचा पाना दिला की तोच पाना माझ्या अंगावर यायचा. पहिल्या वर्षी माझी करंगळी मोडली. दुसऱ्या वर्षी पंपाच्या तुटक्या पट्ट्याने पाठ सोलून निघाली. चार वर्षांत मी कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो हे असं शिकले. तो काम करताना माझं लक्ष त्याच्या हातांवरच असायचं. पुढचा फटका कधी येतो ते कळावं म्हणून असायचं, पण बघता बघता कामही डोक्यात बसत गेलं.

एका उन्हाळ्यात लाकडाच्या वखारवाल्याने आपली जुनी करवत मशीन आणून टाकली. साखळी गंजलेली, दोरी तुटलेली. नवऱ्याने नवी दोरी घालून आठ दिवस तिच्याशी झटापट केली. ती दोनदा फुरफुरायची आणि बंद पडायची. नवव्या दिवशी त्याने तिला लाथ घातली आणि बाहेर निघून गेला.

मी कार्बोरेटर उघडला. आतला पातळ रबरी पडदा वाळून पत्र्यासारखा झाला होता. भंगारातल्या दुसऱ्या मशीनमधला बरा पडदा काढून मी तिथे बसवला, जाळी पेट्रोलमध्ये धुतली, साखळीला कानस मारली. चौथ्या ओढीला मशीन अशी गरजली की समोरचा पानवाला उठून उभा राहिला.

तेवढ्यात वखारवाला आला आणि मागोमाग नवरा. वखारवाला हसत म्हणाला, "काय रे, तुला आठ दिवस जमला नाय नि वहिनीनं केला व्हय?"

वखारवाला टेम्पो आणायला गेला तसं नवऱ्याने दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं.

"कोणी सांगितलं गो तुला हात लावायला?"

"पडदा खराब होता," मी म्हटलं.

त्याने माझे केस धरून डोकं टेबलावरच्या शेगड्यावर, वस्तू आवळून धरायच्या लोखंडी पकडीवर, आपटलं. भुवई फाटली, एका डोळ्यात रक्त उतरलं. मी भिंतीला टेकले. तेव्हा त्याने ती मशीन उचलली, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला सुरू झाली ती.

"आता बोल! बोल आता!" तो ओरडत होता. मला कापणार होता की नुसता भिववणार होता, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याने मशीन माझ्या डोक्याच्या बाजूने फिरवून टेबलावर मारली. साखळी फिरते त्या पट्टीचं टोक जाड सागाला लागलं आणि मशीन उलटी उसळली. साखळी त्याच्या उजव्या खांद्यात शिरली.

तो खाली पडला. मांस उघडं पडलं होतं आणि रक्त भळाभळा येत होतं. साखळी थांबली होती, पण इंजिन चालूच होतं. मी आधी इंजिनाचं बटण बंद केलं, मग त्याच्याकडे वळले. मध्ये काही क्षण मी नुसती उभी होते. ते कोणी पाहिलं नाही. नंतर पदर फाडून जखमेत कोंबला, गुडघ्याने दाबून धरला आणि पानवाल्याला हाक मारली.

तो वाचला. खांदा मात्र गेला, उजवा हात छातीच्या वर जाईना. सासू दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "हिनंच चालू केली ती मशीन. मुद्दाम केली." मी म्हटलं, "व्हय, मीच चालू केली. चांगली केली."

तीन महिन्यांनी तो दुकानात आला. तोवर कामं मीच करत होते. कशावरून तरी बिनसलं आणि त्याने डावा हात उगारला. माझ्या हातात मोठा पाना होता, तो मी त्याच्या गुडघ्यावर मारला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला दया आली नाही. उलट आणखी एक मारावा असं फार वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्याच्यासारखाच माझाही हात चालायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची अर्धी पेटी घेतली आणि पेणला मावशीकडे गेले. तिच्या ओसरीवर पहिलं काम आलं ते शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या पंपाचं. बाई दुरुस्त करणार म्हटल्यावर तो पंप सोडून हलेना, माझ्या हातांकडे बघत उकिडवा बसून राहिला. पंपाने पाणी उचललं तेव्हा म्हणाला, "आमच्या गावात आणखी दोन पडून हायत. उद्या आणू काय?"

"आण," मी म्हटलं.