हळदीच्या घरी आयरिश फिडल

माझ्या नणंदेच्या हळदीला एका आयरिश नर्सनं फिडल वाजवली, असं सांगितलं की आमच्या रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान बायका अजून नाक मुरडतात. मुरडू देत. त्या तिथे नव्हत्या, मी होते.

साठच्या दशकातली गोष्ट, अमिरातींचा एक देश व्हायच्या आधीची. आम्ही दुबईत खाडीजवळ देऱ्याला राहत होतो. हे एका बोट एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते. शेजारच्या घराच्या माडीवर हॉस्पिटलातली ती नर्स राहायची आणि ऊन उतरलं की गच्चीवर फिडल घेऊन बसायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले होते. कपडे दोरीवरच राहिले. दिसायला ते व्हायोलिनच, पण तसं म्हटलं की ती हसायची. "व्हायोलिन कॉन्सर्ट में," ती तिच्या हॉस्पिटलात शिकलेल्या हिंदीत सांगायची, "ये किचन का है." वडिलांसमोर स्वयंपाकघरात बसून, नुसतं कानानं ऐकून ती शिकली होती. कागदावरचे सूर तिला वाचता येत नव्हते आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

एकच धून ती पुन्हा पुन्हा वाजवी, पण दर फेरीला कुठेतरी एखादा सूर वेगळा लावी. मधेच बोट तारेवर असं चटकन फडके की वाटावं, सूर अडखळला आणि सावरला. संथ चालीला मला उगाचच माहेर आठवे, आणि जलद चाल लागली की भाजी ढवळतानाही माझा हात तिच्या तालावर जाई. पुढे मोठमोठ्या वादकांच्या रेकॉर्डी ऐकल्या. चांगल्या होत्या, पण त्या गच्चीतल्या वाजवण्याची सर एकीलाही आली नाही. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

नणंदेचं लग्न दुबईतल्याच एका मुलाशी ठरलं. त्याला रजा मिळेना, म्हणून लग्न इथेच करायचं झालं. सासूबाई लेकीला घेऊन बोटीनं आल्या. त्या म्हणजे आमच्या गावात हळदीच्या गाण्यांचा पहिला आवाज. आमच्याकडे एकीनं ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी तीच परत गाऊन झेलायची, अशी रीत. झेलणाऱ्या नसतील तर गाणं पुढे सरकतच नाही. इथे तर जमून जमून पाचसहा बायका. त्यातल्या दोघी केरळच्या, एक कराचीची, आणि आमची गाणी कोणालाच येत नव्हती. मी होते, पण माझा आवाज ऐकून सासूबाईंनी पूर्वीच कपाळाला हात लावला होता.

"मी भिंतींना गाऊन दाखवू काय?" म्हणून त्या तोंड फुगवून बसल्या. हळद मुकीच होणार, हे ठरल्यासारखं झालं. आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता नणंद मला म्हणाली, "भाभी, हे माझंच लग्न आहे ना? मला रडूसुद्धा येत नाही."

मी नर्सचं नाव काढलं. हे लगेच म्हणाले, "यल्ला, चल, बोलव की! आमच्या मॅनेजरच्या पार्टीत वाजवते, आपल्याकडे का नाही? लेडीजच आहे, आत बसेल."

"गोऱ्या बाईची सारंगी? हळदीला?" सासूबाई कडाडल्या. "लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे, अम्मा?" मी म्हटलं. त्यावर त्या पदर खोचून हळद कुटायला बसल्या.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर ती आली, चटईवर मांडी घालून बसली आणि जलद चाल सुरू केली. बायकांनी टाळ्या धरल्या. सासूबाई ताठ बसल्या होत्या, पण त्यांचा पाय ताल धरत होता. मला बरं वाटलं. पण एक धून संपायच्या आत ती दुसरीत शिरली, दुसरीतून तिसरीत. नणंदेच्या हातावरची हळद सुकून खपल्या निघू लागल्या, चहा थंड झाला, नर्सच्या कपाळावरून घाम ओघळला, तरी ना ती थांबे, ना सासूबाईंचा पाय. मी दोघींना खुणा करून थकले.

शेवटी सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली आणि तिनं गज खाली ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. नमाज आटोपून सासूबाई तिच्याजवळ गेल्या. तिच्या बोटांवर तारांचे लाल वळ उठले होते. "इतकं कशाला वाजवलंस गो?" त्यांनी विचारलं आणि मी हिंदीत सांगितलं.

नर्स गोंधळली. "अम्मा का पैर चल रहा था," ती म्हणाली. तिच्या गावी नाचणाऱ्यांचे पाय हलताहेत तोवर फिडल थांबवायची नसते, तो त्यांचा अपमान होतो.

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. "अगो, मी तुझ्यासाठी हलवत होते! पाहुणी गाते-वाजवते तोवर ताल सोडू नये, म्हणून. गुडघा दुखून दुखून मेले मी!" आणि त्या अशा हसत सुटल्या की दुबईला आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्या तिथेच तिच्याशेजारी टेकल्या. मग त्यांनी हळदीच्या गाण्याची पहिली ओळ उचलली.

ओळ संपली आणि त्या सवयीनं थांबल्या. आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. नर्सनं डोळे मिटून एक सूर लावला, तो चुकला, दुसरा बरोबर लागला, आणि मग आख्खी ओळ फिडलमधून परत आली. सासूबाईंनी पुढची उचलली. तीही तिनं झेलली, शेवटच्या शब्दावरच्या हेलकाव्यासकट.

तिसऱ्या ओळीला नणंद हुंदके देऊन रडायला लागली. केरळची एक बाई तिला गप्प करायला पुढे झाली, तर सासूबाईंनी गाणं मधेच तोडून तिचा हात बाजूला केला.

"रडू दे गो तिला," त्या म्हणाल्या. "आता लग्नघर झालंय."