मुंगसावर घातलेला आळ

फोन कानाला नीट धर गं जरा, असा. आणि ऐक. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, स्टेशनाच्या वाटेवर कोंबडीचं दुकान हाय की, मग घरात कशाला ती घाण?" नातीनं असं बोलायचं? तुझ्या मामीनं वर्षभर मनात धरलेली गोष्ट आहे ती, आणि तू एका शब्दात निकालात काढलीस. पुन्हा म्हणू नको. आणि खरी घाण कोंबड्यांनी नाही, मी केली होती. ती तुला अजून कुणी सांगितलेली नाही, म्हणून मीच सांगते.

तुझी मामी उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाते. सकाळी डबा भरायचा, बस धरायची, दिवसभर उभं राहून नट-बोल्ट तपासायचे आणि दिवेलागणीला परत. घरी आली की आधी ओट्यावर बसून टाचा चोळते, मग आत येते. गेल्या दिवाळीनंतर एकदा तशीच बसलेली असताना मला म्हणाली, "आत्ती, थंडीतली एक खेप करून बघूया. पन्नासच पिल्लं. जमलं तर कारखाना सोडते. न्हाय जमलं तर पुन्हा नाव काढणार न्हाय."

दिवसा ती कामावर, मामा कामावर. म्हणजे पिल्लांना बघणारी मी. मामीनं कुठल्याशा शिबिरात लिहून आणलेला कागद माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "सासरी आल्यापासनं कोंबड्या पाळते मी. मला कागद दाखवतीस?" तिनं हसून तो गोठ्याच्या भिंतीला चिकटवला. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता. खाली भाताचं तूस पसरलं, भोवती पत्र्याचं गोल रिंगण केलं आणि वर तारेला एक बल्ब टांगला.

पिल्लं आली ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातनं. एक दिवसाची, पिवळी, मुठीत मावणारी. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी पाजलं. आता तुला सांगते, माझ्या गावठी कोंबडीला मी कधी काही शिकवलं नाही. ती पंख फुगवून बसायची, पिल्लं पोटाखाली शिरायची. आभाळात घार दिसली की तिचा एक आवाज, की अंगणभरची पिल्लं गडप. ह्या पिल्लांना आईच नाही. मशीनमधून निघाली आणि खोक्यात पडली. वरून सावली गेली तर पळायचं सोडून मान वर करून बघतात, खाऊ आला काय म्हणून. मला पहिले दोन दिवस त्यांचं हसू आलं, तिसऱ्या दिवशी वाईट वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी दुपारी बल्ब गेला. मी स्वयंपाकघरातला काढून तिथं लावला. पांढराशुभ्र उजेड पडला, आधीच्यापेक्षा झकास. मला आपलं समाधान. संध्याकाळी मामी आली, तिनं दारातनंच डोकावलं, उजेड दिसला, ती चुलीकडं वळली. थकलेली होती बिचारी.

सकाळी ती बसला गेल्यावर मी पाणी बदलायला गेले. सगळी पिल्लं एका कडेला ढीग करून बसलेली. हातानं बाजूला केली तर तळाची अकरा चेपून थंडगार पडलेली. मी बल्बाखाली हात धरला. काही नाही गं. नुसता उजेड. ऊब म्हणून नाहीच. मामीनं कागदावर "शंभर वॅटचा पिवळा बल्ब" असं लिहिलं होतं, खाली रेघ मारून. आमच्या काळी बल्ब म्हटलं की हाताला चटका बसायचाच. हल्लीचे पांढरे नुसते दिसायला पेटतात, हे मला कोण सांगणार? कागद सांगत होता. मी वाचला नव्हता.

गणपतीच्या आरासीच्या पेटीत जुना पिवळा बल्ब सापडला, तो लावला. थोड्या वेळानं ढीग सुटला, पिल्लं पसरली, दाणे टिपायला लागली. ती अकरा मी केळीच्या बुडात पुरली. आणि संध्याकाळी मामीनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मुंगूस शिरलं गं."

का म्हणालीस असं विचारशील. सकाळपासून मी मनात घोकत होते की खरं सांगायचं. पण तिच्या पायांतल्या चपलासुद्धा अजून निघाल्या नव्हत्या आणि तिचा चेहरा असा उतरला की माझी हिंमतच झाली नाही. आणि खोटं कशाला बोलू, थोडी माझी ऐटही होती. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा डंका पिटलेला, तो पाचव्याच दिवशी फुटला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मुंगूस काही येऊन म्हणणार नव्हतं की मी नव्हतो.

पण खोटं एकदा बोललं की ते एका जागी बसून राहत नाही. आयतवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, मामीनं गोठ्याची सगळी भोकं बुजवली. खिडकीला खताची पोती शिवून लावली, वरच्या फटीत प्लास्टिक कोंबलं, दाराच्या खाली फळी ठोकली. बोटाला सुई टोचली, तरी थांबली नाही. मी दोरा ओवून देत होते.

आठ-दहा दिवसांत आत शिरलं की डोळे चुरचुरायला लागले. तूस ओलं, वास नाकात जाणारा. पिल्लं शिंकायला लागली, डोळे मिटून उभी राहायला लागली. मामी त्या दिवशी कामावर गेलीच नाही. तिनं खानापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

ते म्हणाले, "सगळं बंद करून ठेवलंय काय? आधी वरनं हवा सोडा. थंडी बाधायच्या आधी हाच वास मारील त्यांना."

"सोडली असती ओ डॉक्टर, पण मुंगूस येतंय. अकरा नेली की एका झटक्यात."

"मग जाळी मारा. पण बंद ठेवू नका."

फोन ठेवून ती म्हणाली, "जाळी येईपर्यंत उघडायचं न्हाय आत्ती. मी इथंच दारात बसून राहीन, पण उघडायचं न्हाय."

मग मला बोलावंच लागलं. "उघड. मुंगूस न्हवतं गं."

"मग काय होतं?"

"मीच ते मुंगूस."

बल्बाचं, केळीच्या बुडाचं, सगळं सांगितलं. तिनं खिडकीच्या पोत्याकडं बघितलं. मग म्हणाली, "आणि मी पोती शिवत बसले तवा तुम्ही दोरा ओवून देत होतासा?"

"व्हय."

"पिल्लं मरत्यात आत्ती. ते कागदावर पण लिवलंय. पर मला सांगितलासा का न्हाय?"

"तू हे सगळं सोडून देशील असं वाटलं."

"आणि आता न्हाय सोडणार असं वाटतंय व्हय?"

तिनं कोयता घेतला आणि स्वतःच शिवलेले टाके एकेक करून तोडले. पोतं वरनं हातभर खाली आणलं. आम्ही दोघींनी ओलं तूस काढलं, चुना भुरभुरवला, कोरडं तूस पसरलं. पुढं आणखी तीन गेली. बाकीची जगली.

चार दिवस ती माझ्याशी "पाणी तापलंय", "भाकरी झाकून ठेवलीय" एवढंच बोलली. तुझा मामा जेवताना म्हणाला, "आई, त्या मुंगसाची माफी मागितलीस काय?" मामीला हसू आलं, पण तिनं तोंड फिरवलं. मला ते दिसलं.

कोंबड्या मोठ्या झाल्या, वाडीतल्याच लोकांनी विकत नेल्या. एक घरी कापली. मामीनं रस्सा केला, सगळ्यांनी बोटं चाटली. मला मात्र पहिल्या घासालाच आभाळाकडं मान वर करून बघणारं पिल्लू आठवलं. पाळायची ती खायलाच, हे मला माहीत आहे, आजवर किती खाल्ल्यात. पण आईचं काम आपण अंगावर घेतलं तर ते तरी धड करावं, असं त्या दिवशी वाटलं.

यंदा दुसरी खेप चालू आहे. मामी संध्याकाळी आली की विचारते, "आज काय झालं?" आणि मी सगळं सांगते, पाणी सांडलं तरी सांगते. परवा सांगितलं, "एक माझ्याच पायाखाली आलं गं, मेलं." तिनं टाचा चोळायच्या थांबवल्या. मग म्हणाली, "बरं. हातपाय धुवा, च्या ठेवते." दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात सांगून टाकलं की शिमग्यापर्यंतच येणार.

तर अशी गोष्ट. आता तू परीक्षेचं, थंडीचं, कशाचं निमित्त सांगू नको. गुंजी स्टेशनावर उतर, मामाला मोटरसायकल घेऊन पाठवते. मामी घरात असण्याचे दिवस आता येतायत, तिच्याशी बसून बोल. माझ्याशीही बोल. लवकर ये गं बाई.