ओहोटीला लावलेला पंप

आज सकाळी पुन्हा चहा फाटला. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारट झालंय की त्यात दूध टिकतच नाही. त्या फाटलेल्या दुधाचा वास आला की मला पंप बसवला तीच दुपार आठवते.

विहिरीला आम्ही बाव म्हणतो. आमची बाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड होतं. भरतीला ते वर चढायचं, आणि आई तेव्हाच हंडे भरून घ्यायची. ओहोटी, म्हणजे आईच्या भाषेत सुकती, लागली की रहाट बंद. "आता बावीक दम खाऊंदे," म्हणायची.

काका मुंबईहून आले ते पर्यटकांसाठी खोल्या बांधायला. त्यांनी भर ओहोटीला पंप सुरू केला. पाण्याचा जाड झोत अंगावर घेत मी नाचत होते. आई म्हणाली, "भावजी, सुकती आसा. खालचा खारा पाणी वर येतला."

काका हसले. "वैनी, समुद्र खंय आणि बाव खंय?"

पंप संध्याकाळपर्यंत चालला, आणि मग रोजच. त्या पहिल्या दुपारी आई रिकामी कळशी कमरेवर घेऊन उभी होती. मला तेव्हा वाटलं, हिला माझी मजा बघवत नाही.

आई आता नाही. काका आहेत. आज ओटीवर बसून पाहुण्यांना शुद्ध मराठीत सांगत होते, "काय करणार, समुद्राने आमची विहीर खाल्ली."

माझं डोकं फिरलं. तोच फाटलेला चहा मी त्यांच्यापुढे ठेवला आणि कप रिकामा होईपर्यंत समोरून हलले नाही.