यासीनभाईंचं गवत आणि माझा ‘शक्यतो’

यासीनभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगोल्याच्या स्टँडवर चहा पीत होतो. तसाच उठून त्यांच्या गावी गेलो, तर दारात पांढऱ्या कपड्यातले पुढारी हजर. “गावाला पाणी आणणारा माणूस गेला हो!” एक जण डोळे पुसत म्हणाला. मला शिसारी आली. हाच गृहस्थ शेवटी शेवटी त्यांना ओळखही दाखवत नव्हता.

यासीनभाईंनी जन्मभर पाण्याचा टँकर चालवला. पाइपलाइन आली की आपलं काम जाणार हे त्यांना कळत होतं, तरी तिच्या मागणीवर पहिली सही त्यांचीच. त्यांचं म्हणणं एवढंच, की पाइप गायरानातून न्यायचा तर वरचं गवत परत आलं पाहिजे. अर्ध्या गावाची शेरडं-मेंढरं त्याच कुसळी-पवन्याच्या गवतावर जगायची, त्यांचीही. “वरची माती येगळी ठिवायची, पाइप गाडला की तीच वर घालायची. ह्यात काय लई अक्कल लागती व्हय?” असं ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

सार्वजनिक जमिनीतून जलवाहिन्या नेण्याचं विधेयक आलं आणि सरकारनं सूचना मागवल्या. मी तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे. मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ‘काम संपल्यावर ठेकेदाराने गायरान शक्यतो पूर्ववत करून द्यावे.’

वाचून दाखवलं तर यासीनभाई म्हणाले, “भाऊसाहेब, ह्यो शक्यतो कशाला मधी?”

“अहो, सरकारी भाषा अशीच नरम असते.”

“तुमी म्हंता तर आसंल...”

कायदा झाला. आमचं वाक्य जसंच्या तसं कलमात आलं, आणि मी मूर्खासारखे पेढे वाटले.

मग यंत्रं आली. वरची माती ट्रॉल्या भरभरून कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत गेली, खालचा मुरूम वर आला. पाणी आलं, ते मी नाकारत नाही. पण गवत गेलं ते गेलंच; आता तिथं नुसती वेडी बाभूळ. आम्ही दोघं तहसील कचेरीत साहेबाकडं गेलो. त्यानं कायदा उघडला, कलमावर बोट ठेवलं आणि दात काढून म्हणाला, “शक्यतो लिहिलंय. नाही झालं शक्य!” थू त्या हसण्यावर! आणि त्याला ती पळवाट बांधून देणाऱ्या माझ्या हातावरही. जिना उतरताना यासीनभाई एवढंच म्हणाले, “जाऊ द्या भाऊसाहेब. उभी हयात तितंच गेली की तुमची.” त्यांनी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं...

परवा पुन्हा यासीनभाईंच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी जैतूनभाभी शेवटच्या दोन शेळ्या विकायला काढत होत्या. आत जाऊन त्यांनी एक घडी घातलेला कागद आणला. “तुमाला दावू नको म्हनले हुते. तुमाला वाईट वाटंल म्हून.” माझ्याकडून लिहून न घेतलेला, यासीनभाईंच्या वाकड्यातिकड्या अक्षरातला अर्ज. ‘आमचं गवत परत द्या. माती बी द्या.’ खाली सही.

तो घेऊन मी कचेरीत गेलो. आवक टेबलावरच्या पोरीनं वाचला. “काका, भाषा जरा नीट करून आणा ना. विनंती वगैरे...”

त्यांच्या सहीखाली मी माझी सही केली आणि म्हणालो, “हाय असाच घ्यायचा. मारा शिक्का.”