टाकी फुल्ल, उंची अडतीस हजार

दादाला ती शेवटची संधी होती. नागपूरच्या एका संस्थेत विमानाच्या फेरीचा आराखडा शिकवतात. मार्ग कोणता, इंधन किती, उंची किती, हे जमिनीवर बसून ठरवणाऱ्यांचा तो अभ्यासक्रम. त्यात एक जागा बिनफीची. लेखी परीक्षेत दादा पास झाला होता, आता फक्त कॉम्प्युटरवरच्या विमानाची चाचणी उरली होती. ती हुकली तर पुढच्या वर्षी वयाच्या अटीत तो बसणार नव्हता. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. बंद केलेल्या एसटी फेऱ्या, शाळेत न येणारे शिक्षक, असले विषय. पत्रकात दोषी कोण ते पहिल्याच ओळीत सांगावं लागतं, नाहीतर लोक कागदाची पुडी करतात. दादाच्या या गोष्टीची पहिली ओळ मला अजून सापडलेली नाही.

दादा आमच्या रिठद गावाहून वाशीमला जीप चालवतो. दुपारी सवारी नसते तेव्हा घरी येऊन जुन्या कॉम्प्युटरवर नागपूर ते मुंबई विमान न्यायचा. मी शेजारी बसून शेंगा फोडायची.

"पश्चिमेले चाललं तं सम आकडा, पूर्वेले विषम," तो सांगायचा. "बत्तीस हजार फूट, चौतीस, छत्तीस, अडतीस. समोरून येनारं मधातल्या आकड्यावर राह्यते. टक्कर होत नाही."

"मंग तू अडतीसच काहून घेतं?"

"वर हवा पातळ असते. इंजिन कमी खाते."

"आन इंधन किती?"

"फुल्ल. टाकी भरल्याशिवाय निघते का कोनी?"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे कुणालाच वाटलं नसतं. सकाळी वाशीमला पोचला की दादाचं पहिलं काम डिझेल. पंपावर उद्या डिझेल असेल याची खात्री नाही, आणि वाटेत गाडी थांबली तर सवारीच्या शिव्या. विमान वर जाताना रडतखडत चढायचं, तेव्हा दादा म्हणायचा, भरलेली गाडी चढावर दम खातेच, त्याले काय भ्यायचं. घरच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वजनाचा हिशेबच ढिला होता. उशिरा का होईना, विमान अडतीसवर पोचायचं. सहा महिने त्यानं चूकच पाठ केली आणि मी शेंगा खात बघत राहिले.

नागपूरला चाचणीच्या खोलीत सोबतच्यांना मागच्या खुर्च्यांवर बसू दिलं होतं. प्रवासी किती ते कागदावर दिलेलं होतं, विमान जवळजवळ भरलेलं. इंधनाच्या ओळीत फक्त 'योग्य तेवढे' एवढंच होतं. दादानं काठोकाठ भरलं. उंची अडतीस हजार.

विमान छत्तीसच्या खालीच अडकलं. नाक वर, वेग कमी कमी होत चाललेला. दादा मागे वळून कुणाकडेच बघत नव्हता.

परीक्षक बाई वयानं आमच्या मावशीएवढ्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "एवढं इंधन कशाला घेतलंत?"

"मॅडम, टाकी भरूनच निघतो ना आपन."

पुढच्या रांगेतला एक परीक्षार्थी हसला. "ड्रायव्हर वाटतो," शेजारच्याला म्हणाला. दादानं ते ऐकलं आणि खरंच उत्तर दिलं, "हो, जीप चालवतो." मग तिघं-चौघं हसले.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फेरी लहान आहे. एवढं ओझं घेऊन ते अडतीसवर जाणारच नाही. गेलं असतं तरी वर जरा टेकलं की उतरायची वेळ. आणि मुंबईत उतरताना वजन मर्यादेबाहेर. आधी आकाशात घिरट्या घालून इंधन जाळावं लागेल. लागेल तेवढं आणि अडीअडचणीपुरतं वर, एवढंच घ्यायचं असतं."

"लक्षात आलं, मॅडम. परत करू का?"

"एकदाच संधी असते."

परतीच्या एसटीत मी आमच्या वाशीमजवळच्या मालेगावपर्यंत बोलत होते. योग्य म्हणजे किती हे लिहायला यांचे हात झडले होते का, हसणाऱ्यांच्या घरी विमानात बसलेली माणसं आहेत, त्यांना कुणीतरी शिकवलं, तुला कोणी शिकवलं. दादा खिडकीला डोकं टेकून होता. शेवटी म्हणाला, "बाई, लोक आयकून राह्यले. गप बस ना."

तरी मी पत्रक लिहिलंच. दुसऱ्या दिवशी त्याला वाचायला दिलं. त्यानं उभ्याउभ्याच वाचलं.

"मॅडमचं नाव कायले ओढतं यात? त्याईचं बरोबर होतं."

"मंग चुकलं कोन?"

"मी."

"तुले कोनी सांगतलंच नाही, तं तू कसा चुकला?"

"छापू नको," एवढंच म्हणाला. मी छापलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यानं कॉम्प्युटर चालू केला. वहीत नवा हिशेब मांडला होता. इंधन लागेल तेवढं, वर थोडं. उंची चौतीस हजार. विमान पहिल्यांदाच न कण्हता चढलं आणि आकड्यावर जाऊन बसलं. मुंबईला वेळेत उतरलं, वजन मर्यादेत.

"याचा फोटो काढून त्याईले पाठवू?" मी विचारलं.

"कोनाले? जागा भरली त्याईची."

त्यानं मशीन बंद केलं, वरून चादर टाकली. बाहेर एक म्हातारी वाशीमला जायचं म्हणून जीपजवळ येऊन उभी होती. दादानं तिला मागच्या सीटवर बसवलं आणि बाकीच्या सवारीची वाट बघत बॉनेटला टेकून उभा राहिला. जीप भरायला पाऊण तास लागला.