पल्लवीचा राजीनामा

"मॅडम, तुमच्या क्लबमुळे एका मुलीची सरकारी नोकरी गेली," आमचे सेक्रेटरी साने मला म्हणाले. "तिचे वडील आत बसलेत. कमिटीचं म्हणणं आहे, क्लब बंद करा."

करोल बागेतल्या एका मराठी मंडळाची लायब्ररी मी सांभाळते. कादंबऱ्या कुणी नेत नाही, प्रेरणादायी पुस्तकं मात्र कपाटात टिकत नाहीत. आमच्या धंद्यात 'वीडिंग' असतं, म्हणजे पडून राहिलेली पुस्तकं काढून टाकायची. त्या कपाटाला कधी हात लावावा लागला नाही. म्हणून मी मोठ्या माणसांसाठी बुक क्लब काढला. रविवारी दहा-बारा जण जमतात, एक प्रकरण वाचतात आणि मग स्वतःबद्दल बोलतात. बोलायची हौस दांडगी. वाचून किती जण येतात ते विचारू नका.

त्या रविवारचं प्रकरण होतं, नोकरीत मन रमत नसेल तर धाडस कसं करावं. पल्लवी रामटेके बोलायला उठली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, आता स्वतः केंद्र सरकारच्या एका ऑफिसात. तिचं मराठी म्हणजे हिंदीला दिलेली मराठी फोडणी. ऑफिसात साहेबांशी तिचं बिनसलं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं.

"यार, खूप टेन्शन होतं," ती म्हणाली. "परवा फायनली राजीनामा झाला. आता बिल्कुल हलकं वाटतंय."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण मनात म्हटलं, पक्की नोकरी अशी सोडतात का? तिला फरीदाबादला मैत्रिणीकडे जायचं होतं, ती लगेच निघाली. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

आमच्या क्लबात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळीच एकाने रामटेके काकांना फोन करून अभिनंदन केलं. मुलगी धाडसी आहे हो तुमची!

काका भंडाऱ्याहून दिल्लीत आले, क्लार्क म्हणून लागले आणि अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झाले. मी आत गेले तेव्हा ते ताठ बसले होते.

"आमच्या घरात पहिली नोकरी माझी, दुसरी तिची," ते म्हणाले. "तिसरी अजून कुणाला लागली नाही. तुम्ही लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अजून रोज डबा घेऊन निघते. कुठं जाऊन बसते कोणास ठाऊक."

"तुम्ही तिला विचारलंत का?"

त्यांनी मान फिरवली. मला रागच आला. बापलेक एका टेबलावर जेवणार आणि खुलासा मागणार लायब्ररीकडे. मी त्यांच्यासमोरच पल्लवीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात. का?"

"अगं, तू राजीनामा दिलास ना?"

"दिला नाही मॅडम, झाला. सरांचा आणि माझा. मी कम्प्लेंट मागे घेतली, त्यांनी मला दिलेला मेमो मागे घेतला. दोघांनी सही केली."

काका खुर्चीत पुढे सरकले.

"अगं बाई, याला तडजोड म्हणतात."

"तडजोड म्हणजे?"

"समझौता."

"हां, मग तेच. राजीनामा."

आता डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत दोन्ही बाजू राजी झाल्या की राजीनामा होतो. मराठीत माणूस नोकरी सोडतो तेव्हा राजीनामा देतो. दिल्लीत जन्म काढलेल्या पोरीला पहिलाच माहीत. आणि आम्ही सगळे ते प्रकरण वाचून बसलेलो, आम्हाला दुसराच ऐकू आला. शब्द एकच, पण त्याने एका बापाची झोप उडवली होती.

संध्याकाळी पल्लवी ऑफिसातून थेट लायब्ररीत आली. काका तिथेच होते. मी कितीदा म्हटलं तरी घरी गेले नव्हते.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि चीडही आली होती. "मी रोज समोर होते तुमच्या."

"विचारलं असतं," काका म्हणाले, "आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

पल्लवी शेजारची खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. मी उगाचच वर्तमानपत्रं आवरायला गेले. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

कमिटीने क्लब चालू ठेवला. सानेंनी एक नियम घालून दिला आणि तो मला पटला: घरी सांगितलं नसेल ते क्लबात सांगायचं नाही. तेव्हापासून आमच्याकडे चर्चा फार लवकर संपते. मग वेळ उरतो म्हणून लोक नाइलाजाने पुस्तक वाचतात.